सगळ्यांनाच नऊ वाजताचं टोकन

जानेफळ, ता. मेहकर
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप प्रेमानंदमामा यांना,

समताचा सविनय जय भीम. मामींनाही सांगा, आणि त्यांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं हेही सांगा (नुसतं सांगा, मागितलं असं म्हणू नका).

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केलाय आणि तुम्ही मात्र गच्चीवर जाऊन वाळवणाची राखण करता, असं कळलं. मामा, त्या पापडांना तुमच्याइतकी काळजी नसते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आई बरी आहे, म्हैस बरी आहे, बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नाही पण दोघंही वेळेवर जेवतो. का बोलत नाही ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फोन उचलता तो ओट्यावर बसून आणि स्पीकरवर टाकून. मागे मला पडसं झालंय एवढंच बोलले, तर तुमच्या दुसरबीडहून एका अनोळखी काकूंनी ओव्याची पुरचुंडी पाठवली. ही हकीकत ओव्यानं बरी होण्यातली नाही, म्हणून लिहिते. वाचताना कृपया ओठ हलवू नका.

मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं, की तुझं ऑफिसातलं काम नेमकं कोणतं. बाबांनीही विचारलं होतं. "तू ते कम्प्युटरचं लिवते का?" म्हटलं नाही, ते सौमित्र लिहितो. "मंग तपासते का?" नाही, तेही नाही. "मंग करते काय?" मी सांगितलं, की कोणी काय करायचं, कशाच्या आधी, कशाच्या नंतर आणि कधीपर्यंत, ते मी ठरवते. बाबांनी सुपारी फोडता फोडता विचार केला आणि म्हणाले, "हे त तुही माय करते. तिले कोणी हापिस नाई देल्लं." तुम्ही एसटीत वाहतूक नियंत्रक होतात, म्हणून तुम्हाला तरी समजेल. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, कंडक्टर आहे, डिझेल आहे, पण कोण कधी निघणार हे ठरलं नसेल तर स्टँडवर काय होतं, ते तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला माणूस आणि मुदत द्यायची, आणि कोणता तुकडा संपल्याशिवाय कोणता सुरू होत नाही ते बाण काढून दाखवायचं. सोंगणी झाल्याशिवाय मळणी नाही, तसं. या बाणांवर माझं पोट आहे. (पोटावरून आठवलं, तुमचं पथ्य चालू आहे ना?)

आमचं ऑफिस मेहकरला, खाली झेरॉक्स आणि वर आम्ही. मालक लक्ष्मीकांत सर. पुण्यात बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काढली आणि मग आपल्या जिल्ह्यात काही करावं म्हणून परत आले. माणूस मनानं इतका चांगला, की समोरच्याला नाही म्हणणं त्यांना हिंसा वाटते. गिऱ्हाईक आलं की आधी तारीख देतात आणि मग काम विचारतात. सौमित्र शेगावचा, हुशार पोरगा, अवघड कोडं हसत हसत सोडवतो, फक्त त्याला 'होत आलंय' आणि 'झालं' यांतला फरक कळत नाही. लग्नाला निघालेला माणूस फोनवर 'निघालोच' म्हणतो आणि अजून अंघोळीला पाणी काढत असतो, तसं सौमित्रचं 'झालंच' असतं. मी त्याचं 'झालंच' ऐकलं की मनातल्या मनात त्याला बादली देते, साबण देते, कपडे देते आणि मग तारीख लिहिते. अशानं आजवर बरं चाललं होतं.

तर मेहकरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक नवीन खासगी बाजार निघाला (नाव लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका). मालकाची कल्पना चांगली होती. सोयाबीन घेऊन शेतकऱ्यानं दिवसभर रांगेत उभं राहायचं नाही, मोबाईलवर नोंदणी करायची, टोकन मिळेल, टोकनवर वेळ असेल, त्या वेळेला ट्रॉली आणायची, वजन करायचं, घरी जायचं. एका तासात काट्यावर जितक्या ट्रॉल्या बसतात तितकीच टोकनं त्या तासाची. ते सॉफ्टवेअर आम्ही करायचं होतं. मी मन लावून तक्ता केला. तक्ता म्हणत होता की काम दिवाळीनंतर संपेल. सरांनी तोवर मालकाला दसरा देऊन टाकला होता. साडेतीन मुहूर्तांतला एक, प्रमुख पाहुणे ठरलेले, फ्लेक्स छापायला गेलेला. मग बैठकीत सर माझा तक्ता पडद्यावर लावून बसले आणि एकेका कामाच्या मुदतीची पट्टी बोटानं मागे सरकवू लागले, जशी काही ती पट्टी आळशीपणानं पुढे जाऊन बसली होती. चाचणीची पट्टी त्यांनी निम्मी केली. शेवटी एक बाण आडवा आला. तो बाण असा होता: चाचणीसाठी केलेली तात्पुरती व्यवस्था काढायची, काट्याची खरी क्षमता भरायची, आणि हे झाल्याशिवाय टोकनं वाटायला सुरुवात करायची नाही. सरांनी तो बाण पुसला आणि दोन्ही कामं शेजारी शेजारी ठेवली. सोबत चालतील म्हणाले. ते पाहून तक्ता आपोआप लाल झाला. सर म्हणाले, "समता, लाल कशाला? शुभकार्य आहे," आणि त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा रंग भरला. मी मेल लिहून कळवलं की यात धोका आहे. त्यावर त्यांचा अंगठा आला. मामा, वर केलेल्या अंगठ्याला उत्तर काय द्यायचं, हे अजून कोणत्याही कोर्सात शिकवत नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई विहारातल्या बायकांबरोबर दीक्षाभूमीला नागपूरला गेली. बाबांनाही जायचं होतं, पण हवामानखात्यानं पाऊस सांगितला होता, सोयाबीन घरात पडलं होतं आणि मुख्य म्हणजे त्यांनी टोकन काढलं होतं. आपल्या लेकीच्या ऑफिसात तयार झालेलं टोकन, म्हणून त्यांनी ते गावात बऱ्याच जणांना काढायला लावलं होतं. मी ऑफिसातून आले तर बाबा दारातच मोबाईल घेऊन उभे. "पाय, माहा पहिलाच नंबर लागला. सकाळी नऊ!" मी म्हटलं छान झालं. तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई कुंपणाशी आल्या (त्यांची तीन एकर जमीन त्या एकट्या करतात, ट्रॅक्टर भाड्यानं आणतात) आणि म्हणाल्या, "माहंबी नऊच हाय वं." मी म्हटलं, असू शकतं, एका तासात बऱ्याच ट्रॉल्या बसतात. पण खात्री करायला हवी होती. मी चप्पल घातली आणि आळीतून निघाले. किराणा दुकानाजवळच्याचं नऊ. पारावर बसलेल्या तिघांचं नऊ. पिठाच्या गिरणीवाल्याचं नऊ. लोक आनंदानं मोबाईल पुढे करत होते आणि मी प्रत्येक पडद्यावर तोच आकडा वाचून "वा, छान" म्हणत पुढे चालत होते. गावाच्या वेशीपर्यंत पोचले तरी एकही वेगळी वेळ सापडली नव्हती. चाचणीच्या वेळी रोज वेगळी वेळ टाकायचा कंटाळा आला म्हणून सौमित्रनं सगळ्यांना नऊ वाजता बसवून ठेवलं होतं, आणि ते नऊ काढायचं काम त्या पुसलेल्या बाणाच्या अलीकडे होतं. टोकनं मात्र सुटली होती, आणि एकट्या जानेफळात नाही, पंचक्रोशीत.

सौमित्रला फोन लावला. तो शेगावला घरी पोचला होता. मी सांगितलं तेव्हा पलीकडे आधी आरतीचा आवाज आला, मग दार लावल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "ताई, ते राहूनच गेलं." त्यानं लगेच बसून दुरुस्ती केली, त्यात त्याला बोल लावता येणार नाही. नव्या वेळांचे मेसेज सगळ्यांना गेले. आळीत एकामागून एक मोबाईल वाजायला लागले आणि मी ओट्यावर टेकले. वाटलं, सुटलो. पण मामा, माझ्या कोणत्याही तक्त्यात एक गोष्ट नव्हती. माणसाला दोन मेसेज आले, तर तो सोयीचा असेल तो खरा मानतो. पारावर निकाल लागला, की पहिला मेसेज खरा आणि दुसरा बाजारवाल्यानं आपल्याला मागं ढकलायला पाठवलाय. बाबांची नवी वेळ दुपारची होती. मी हात जोडून म्हटलं, बाबा, नवी वेळ मीच पाठवायला लावली. बाबा म्हणाले, "तूच पाठोली ना पहिलीबी? मंग पहिल्या शब्दावर राहाव मान्सानं." आणि ताडपत्री झटकून ट्रॉलीवर टाकायला गेले.

दसऱ्याला पहाटे आम्ही निघालो. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मागे सोयाबीन, वर ताडपत्री. बाबा नऊ वाजताच्या टोकनवर सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून निघाले होते आणि खरंच सगळ्यांच्या आधी पोचले. बाजाराच्या फाटकाला केळीचे खुंट, झेंडूची तोरणं, कमानीवर प्रमुख पाहुण्यांचा हसरा फ्लेक्स आणि आडवी लाल रिबन. रिबनीशेजारी स्टुलावर बाजाराचा राखणदार, गोविंदा. हळूहळू आमच्या मागे ट्रॉल्या लागू लागल्या. मग हळूहळू नाही, एकदमच लागू लागल्या. मडगार्डवर उभी राहून मागे पाहिलं तर वळणापर्यंत रस्ता दिसतच नव्हता, नुसते सोयाबीनचे ढिगारे आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. समोरून आलेली एसटी मध्येच अडकली, तिचा ड्रायव्हर हॉर्न दाबून धरून बसला. आणि लोणारच्या बाजूला आभाळ काळं होत चाललं होतं.

नऊ वाजले. मग वाजून गेले. फाटक उघडेना, कारण रिबन कापायची होती, आणि रिबन कापायला पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावर आणखी बऱ्याच रिबनी होत्या. काटा तयार होता, हमाल तयार होते, शेड रिकामी होती. माझ्या तक्त्यात उद्घाटनाला मी एक छोटासा हिरा काढला होता. नुसती खूण. ज्याला वेळ लागत नाही अशा गोष्टीला आम्ही ती खूण करतो. त्या हिऱ्यापाशी आता सगळा मेहकर तालुका उभा होता. लक्ष्मीकांत सर नवा कुर्ता घालून रस्त्याच्या कडेला फोनवर होते, आणि दर वेळी फोन ठेवून मला सांगत होते, "निघालेत, निघालेत."

वारा सुटला. सोयाबीनवरची फोलपटं उडून डोळ्यांत जायला लागली. ज्यांच्याकडे ताडपत्री नव्हती ते बेचैन झाले, कारण रांगेत उभं राहायचंच नाही, असं ऐकून ते उघड्या ट्रॉल्या घेऊन आले होते. मागच्या दोन ट्रॅक्टरांनी कडेनं पुढे घुसायचा प्रयत्न केला आणि तोंडाशी तोंड लावून अडकले. "मागं घे बे!" "तू घे! माहं नऊचं हाय!" "माहंबी नऊचंच हाय ना!" एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. कोणीतरी ढेकूळ फेकलं, ते पाहुण्यांच्या फ्लेक्सवर बसलं आणि हसरा गाल फाटला. तेवढ्यात कोणाला तरी मी दिसले. "अबे, हे त किसनरावची पोरगी! हिच्याच कंपनीनं केलं हे!" दुसरा म्हणाला, "म्हनूनच बाप सगळ्याच्या पुढं हाय. बापाले पहिला नंबर अन् आमाले गाजर!" मग बरीच माणसं आमच्या ट्रॉलीकडे वळली. मामा, मी आजवर भाषण दिलं ते विहारात, जयंतीला, आणि तेही पाठ करून. बाबा स्टेअरिंगवरून उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मी पहाटं आलो म्हनून पुढं हाय. लेकीचा काय संबंध?" एका माणसानं आमच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची कडी हातात धरली होती. ती त्यानं काढली असती, तर सगळं सोयाबीन रस्त्यावर आलं असतं.

मी गोविंदाजवळ गेले आणि म्हटलं, भाऊ, फाटक उघड. तो म्हणाला, "रिबीन कापल्याबिगर नाई उघडत. माही नोकरी जाईन." बरोबर होतं त्याचं. मग मला ट्रॉल्या रिकाम्या होऊन जिकडून बाहेर पडणार होत्या ते मागचं फाटक आठवलं. आराखडा मीच महिनाभर पाहत होते. म्हटलं, मागच्या फाटकाला रिबन आहे का? गोविंदानं जरा विचार केला. "मांगच्या फाटकाले रिबीन नाई. अन् त्याची कोनं मले मनाईबी नाई केली," म्हणाला आणि किल्ली घेऊन उठला. सर धावत आले. "समता, पाहुणे येईपर्यंत आत काही न्यायचं नाही, असं मालकांनी…" मी म्हटलं, सर, रिबन आहे तशीच राहील, तिला कोणी हात लावणार नाही. सर आभाळाकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत. पण मघाशी सांगितलं तसं, नाहीही म्हणाले नाहीत.

मी आमच्याच ट्रॉलीवर चढले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावला. म्हटलं, टोकन चुकलं आहे, आमच्याकडून चुकलं आहे, दोन्ही मेसेज विसरा. मागचं फाटक उघडतंय. ज्यांचा माल उघडा आहे ते आधी शेडमध्ये जातील. ज्यांच्याकडे ताडपत्री आहे ते मागे थांबतील. नंबर नाही, वेळ नाही, ताडपत्री पाहा! मग तोच, कडी धरलेला माणूस म्हणाला, "अन् तुह्या बापाकडं ताडपत्री हाय. तो जाते का मांगं?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. मी खाली वाकून म्हटलं, बाबा, ट्रॉली काढा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "माहा पहिला नंबर हाय," ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "मी अंधारात उठून आलो वं." मी म्हटलं, हो बाबा, पण ताडपत्री आहे. "तू मले सायेब म्हनून सांगून राह्यली का लेक म्हनून?" मी नुसतं म्हटलं, कृपया. बाबांना माझ्या तोंडून हा शब्द कधी ऐकावा लागला नव्हता. त्यांनी मला खाली उतरवलं, ट्रॅक्टर चालू केला, आणि ट्रॉली वळवून, त्या सगळ्या माणसांमधून, कोणाकडेही न बघता, रांगेच्या शेवटाकडे नेली. कडी धरलेल्या माणसानं आपणहून बाजूला होऊन वाट दिली.

पुढचं सगळं धावपळीचं. उघड्या ट्रॉल्या मागच्या फाटकातून घेतल्या, हमालांनी शेडमध्ये दाटीवाटीनं लावल्या, एसटी सुटली. मारामारी करणारे दोघं एकमेकांचा ट्रॅक्टर मागे घेताना "ये, ये, अजून ये" करत हात दाखवत होते. शेवटची उघडी ट्रॉली आत गेली आणि थेंब पडायला लागले. मी पत्र्याखाली उभी राहून हुश्श केलं. हिशेब बरोबर बसला होता. बाहेर होते ते सगळे ताडपत्रीवाले. असं मला वाटलं.

पाऊस सरकला तेव्हा मी बाबांना शोधत वळणापर्यंत गेले. तिथे रस्त्याच्या कडेला पुष्पाबाईंचा भाड्याचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन बसला होता. वळणाआड होता म्हणून मला दिसलाच नव्हता. माल उघडा. बाबांनी आपली ट्रॉली त्यांच्या ट्रॉलीला चिकटवून लावली होती आणि एकच ताडपत्री दोन्हींवर आडवी ओढली होती. ती दोघांना कशी पुरणार? अर्धं त्यांचं भिजलं, अर्धं आपलं भिजलं. बाबा आणि पुष्पाबाई दोन टोकं धरून निथळत उभे होते. मी जवळ गेले. बाबा म्हणाले, "तुह्या तक्त्यात पुष्पाबाई कुठं होती?"

मामा, हे ते शेवटचं बोलले. तेव्हापासून गप्प आहेत. भिजलेलं सोयाबीन स्लॅबवर पसरलं, उलथंपालथं केलं, आता वाळलंय. आपलं आणि पुष्पाबाईंचं दोन्ही. नुकसान फार नाही. पण बाबा आईला सांगतात, "तिले म्हना, भाकर वाढून ठेवली," आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असते.

पाहुणे पाऊस थांबल्यावर आले. फाटलेल्या गालाच्या फ्लेक्सखाली उभे राहून त्यांनी रिबन कापली, टाळ्या झाल्या, आणि फाटकातून आत शिरले तो आत आधीच गच्च भरलेला बाजार. खूश झाले. म्हणाले, उद्घाटनाआधीच एवढी गर्दी! पेपरात 'नियोजनबद्ध शुभारंभ' अशी बातमी आली. बाजाराच्या मालकानं सरांना सांगितलं, की दोन फाटकांची युक्ती फार आवडली, आणि सर म्हणाले की ती आमच्या आराखड्यातच होती. हे मला सरांनीच सांगितलं, लाजत. मी त्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये राजीनाम्याच्या तयारीनं गेले होते. म्हटलं, सर, ती माणसं आमच्या ट्रॉलीची कडी धरून उभी होती. पुढच्या वेळी माझा लाल रंग पुसलात तर मी दुसऱ्या दिवशी येणार नाही. तारीख काम बघून ठरेल. कबूल नसेल तर आत्ताच सांगा. सरांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "केशरी चालेल का?" मी नाही म्हटलं. मग ते बरं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचं नाही ऐकून घेतलं, याचा मला आनंद झाला आणि थोडी दयाही आली.

पण घरी येते तेव्हा बाबा ओट्यावर पाठ करून बसलेले असतात. मी रोज ठरवते की बोलेन, आणि पुष्पाबाई माझ्या तक्त्यात कुठे होत्या याचं उत्तर अजून मला सापडलेलं नाही. तुम्ही एकदा या. तुमच्यासमोर बाबा गप्प बसत नाहीत. मामींना घेऊन या. येताना हात हलवत आलात तरी चालेल (लोणच्याचं मी वर लिहिलंच आहे).

गुडघ्याला जपा. चुकलंमाकलं मोठ्या मनानं पोटात घाला.

आपली भाची,
समता

ता. क. वरचं लिहून पाकीट शोधत होते, तर बाबांनी मागून विचारलं, "कोनाले लिवून राह्यली?" म्हटलं, मामांना. "काऊन? फोन बंद हाय का त्याचा?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "लिव, का सोयाबीन वाळलं. अन् पुढच्या खेपेले तुह्या त्या बाजारात जाशीन त पहिले वळनापस्तोर जाऊन पाहून येजो." बाबा हे माझ्याशी बोलले, आईमार्फत नाही. तेव्हा आम्ही बोलत नाही, असं वर जे लिहिलंय ते खोडलेलं समजा. पुन्हा लिहायला कागद नाही.

ता. क. दुसरं. तुमच्या दुसरबीडच्या विहाराचं सभागृह मोबाईलवरून नोंदवायचं सॉफ्टवेअर मी सौमित्रकडून रविवारी रविवारी करून घेऊन देते म्हणाले होते, आणि तुम्ही त्याच्या उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या, असं आई सांगते. मामा, ते उद्घाटन पुढे ढकला. किती ते आत्ता विचारू नका. काम सुरू झालं नाही असं नाही. नाव ठरलंय आणि रंग निळा ठरलाय.

ता. क. तिसरं. याबद्दल आईचा फोन येईल. मी तिला सांगितलंय की उशीर दुसरबीडकडून आहे, कारण सभागृहाची माहितीच मामांनी अजून पाठवलेली नाही. हे खोटं नाही. तुम्ही ती खरंच पाठवलेली नाही. मी मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.